बटाट्याला माहीत नाही

कोउवोला. पहाटेचे तीन चाळीस, उणे बावीस.
कागद गिरणीच्या गोदामावर
तूरे लेप्पाको पहारा देतो.
कशावर, ते त्यालाही नीट सांगता येत नाही.
गिरणी बंद होऊन सहा वर्षं झाली,
आत सतरा रिकामी रिळं आणि एक खुर्ची,
खुर्चीवर तो.

डब्यातल्या उकडलेल्या बटाट्याचा तो फोटो काढतो.
गार बटाटा. एका बाजूने चावलेला.
त्यावर जाड, पिवळ्या, बेढब अक्षरांत लिहितो:
आज मंगळवार आहे.
बटाट्याला माहीत नाही.

बस्स.
शेंडा नाही, बुडखा नाही,
बटाट्याचा आणि वाराचा
बादरायण संबंधसुद्धा नाही.

असल्या प्रकाराला शिटपोस्ट म्हणतात.
नावातच शेण आहे,
तेव्हा उगाच सारवासारव नको.

फक्त एक गोष्ट फोडतो, तूरेची माफी मागून:
ते सुचायला चार सेकंद लागतात
आणि बिघडवायला चाळीस मिनिटं.
पहिल्यांदा चित्र फारच स्वच्छ येतं.
मग तो फोटोचा फोटो काढतो, त्या फोटोचा फोटो,
कडा खरबरीत होईपर्यंत,
बटाटा एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकासारखा दिसेपर्यंत.
एक अक्षर मुद्दाम चुकवतो.
चूक जरा जास्तच हुशार वाटते. सुधारतो.
दुसरं चुकवतो.
उत्तम नाचता येणाऱ्याने
रात्रभर खपून अंगण वाकडं करावं, तसं.

सकाळपर्यंत अकरा हजार लोक हसलेले असतात.
तांपेरेतली एक दातांची डॉक्टर, रुग्णाचं तोंड उघडं ठेवून.
रोव्हानिएमीच्या रस्त्यावर ट्रक बाजूला घेऊन कोणी.
एकजण लिहितो, तो बटाटा मी आहे.
खाली चारशे जण भांडतात, नाही, मी.

आई काळ्या पावावर लोणी लावते.
हिलेवी तिचं नाव, इस्पितळाच्या धुलाईखात्यात असते.
म्हणते, समजावून सांग.
आई, बटाट्याला वार कळत नाही.
कळणारच नाही.
हो ना.
मग?
मग काही नाही.
ती त्याच्याकडे बघत राहते,
गिरणीचं पत्र आलं त्या दिवशी
त्याच्या बापाकडे बघितलं होतं तशी.
तीन पानी पत्र होतं. पुनर्रचना, नवी दिशा,
आपल्या योगदानाबद्दल मनःपूर्वक.
त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.
बापाने ते दोनदा वाचलं, घडी घातली,
आणि टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवलं.
टेबल अजून हलत नाही.

तूरे तेव्हा सतरा वर्षांचा. त्याला हसू आलं होतं.
कोणाला सांगितलं नाही.

मार्चमध्ये, रात्रपाळीत, त्याच्या फोनवर
आईचा पहिला फोटो येतो.
धूसर. अर्धा अंगठा, अर्धी भिंत,
खाली धुलाईयंत्रांच्या रांगेसमोर
फरशीवर एकटा पडलेला राखाडी मोजा.
सोबत दोन शब्द:
हा गुरुवार.

तो शनिवार होता.

तूरे इतका हसतो
की हसणं सतरा रिळांवर आपटून परत येतं
आणि तो दचकून टॉर्च फिरवतो,
कोण आहे?
नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच
त्याने खरोखर पहारा दिला.

आई, हे मुद्दाम केलंस?
पडद्यावर तीन टिंबं हलतात.
थांबतात.
हलतात.
थांबतात, बराच वेळ,
एवढ्यात एक चादर धुऊन निघाली असती.
मग उत्तर येतं:

मोज्याला विचार.
आणि येताना दूध आण.